कागदाची नाकं

महायुद्धाच्या काळात हिंगोलीत आमच्यापैकी कुणी यहूदी माणूस पाहिलेला नव्हता. तरी गुड फ्रायडेच्या नाटकात यहूद्यांना कागदाची वाकडी नाकं लावायचं आमच्या चर्चच्या पाळकांनी ठरवलं. दर रविवारी ते सैतानाशी लढायला सांगत.

माझे वडील नाटकात येशूचं काम करत. ते म्हणाले, "साहेब, मलाबी एक नाक लावा."

"का?"

"येशू यहूदीच व्हता की. त्याची मायबी, बाराही शिष्यबी."

"थट्टा करता काय?"

"न्हाई. खरं तेच सांगून राहिलो."

वडिलांचं काम दुसऱ्याला दिलं गेलं. सरळ नाकाच्या येशूवर वाकड्या नाकांचे लोक थुंकले आणि मंडळी रडली. सैतानाला त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही. नाकं चिकटवायची खळ पाळकांनीच शिजवली होती.