दाजींचं लिव्हर

हातात धरायच्या वस्तूंचा आमच्या दाजींनी जेवढा विचार केला आहे, तेवढा अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केला असेल असं मला वाटत नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. मुक्काम गडमुडशिंगी. छत्री घ्यायला गेले की ते ती उघडून बघत नाहीत, मिटलेली हातात धरून दुकानात चार फेऱ्या मारतात. त्यामुळे त्यांच्या घरातल्या सगळ्या छत्र्या गळक्या आहेत, पण मुठी अशा की सोडवत नाहीत. आक्काला खुरपं आणताना त्यांनी तिला बाजारात बसवून हवेत खुरपायला लावलं होतं. नवा माणूस भेटला की हात मिळवतात आणि तो गेल्यावर त्याच्या स्वभावाबद्दल नाही, पंज्याबद्दल बोलतात. माझा हात त्यांनी त्यांच्या आणि आक्काच्या लग्नात पहिल्यांदा हातात घेतला आणि जाहीर केलं, "पावणं, तुमचा हात खडूचा हाय." मी पुढं खरोखरच शिवाजी पेठेतल्या एका शाळेत मराठीचा मास्तर झालो. ते मला आजही पावणंच म्हणतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. साखर कारखान्याच्या यार्डात क्रेन चालवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. गाडीतली उसाची मोळी उचलायची आणि गव्हाणीत, म्हणजे जिथून ऊस गाळपाला आत जातो तिथं, अलगद सोडायची. दोन हातांत दोन लिव्हर आणि समोर टनावारी झुलणारा ऊस. दाजींची मोळी गव्हाणीत पडली तर आवाज येत नसे, असं त्यांचे सोबती सांगायचे. ते स्वतः सांगत नसत. त्यांना ती गोष्ट नाकासमोर चालण्याइतकी साधी वाटायची.

निवृत्त झाल्यावर मात्र त्यांच्या हातांना काही धरायलाच उरलं नाही. शेत वाट्यानं दिलेलं, गोठ्यात दोनच म्हशी आणि त्या आक्काशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाहीत. दाजी रिकाम्या मुठी मिटत-उघडत अंगणात बसायचे. तेव्हा पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या भाचीनं तिचा जुना संगणक आणून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. अवकाशयान चालवायचं, ग्रहाताऱ्यांमधून हिंडायचं, माल न्यायचा, स्थानकाला यान नेऊन लावायचं. बाबा आठवड्यात कंटाळतील अशी तिची अटकळ होती. दाजी आठवड्यात खवळले, पण खेळावर नाही, कीबोर्डवर. दाराची बेल दाबून क्रेन चालवल्यासारखं वाटतंय, असं त्यांचं म्हणणं. याला लिव्हर पाहिजे.

असं लिव्हर मिळतं, त्याला जॉयस्टिक म्हणतात, हे मीच त्यांना सांगितलं आणि पुढच्या चार महिन्यांची माझी स्वस्थता गेली. दाजींनी आधी चौकशी सुरू केली. गावात पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खणायला आलेल्या यंत्राच्या चालकाकडं ते सकाळीच जाऊन बसले आणि त्याचं जेवण होईपर्यंत त्याची लिव्हरं हातात धरून पाहिली. एसटीच्या ड्रायव्हरला त्यांनी गिअरच्या दांड्यावरची गोळी कुठली म्हणून विचारलं. विमानतळ गावाच्या शेजारीच, तेव्हा घरावरून विमान गेलं की ते मान वर करून म्हणायचे, "त्याच्या हातात काय असंल?" मग एके दिवशी आक्काच्या परातीतून कणकेचा गोळा उचलून त्यांनी मुठीत घट्ट आवळला. पाच बोटं, तळव्याची फुगीर बाजू, सगळं त्यात उमटलं. तो गोळा दोन दिवस उन्हात वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून, मला बरोबर घेऊन ते राजारामपुरीतल्या संगणकाच्या दुकानात गेले आणि काउंटरवर ठेवून म्हणाले, या मापाचं द्या.

दुकानदार आडव्या अंगाचा, तोंडाचा फटकळ माणूस. त्यानं गोळा उलटासुलटा करून पाहिला आणि शांतपणे सांगितलं की पावणं, हे बेकरीचं दुकान न्हाय. पण त्यालाही गंमत वाटली असावी. त्यानं जेवढी लिव्हरं होती तेवढी बाहेर काढली आणि दाजी एकेक धरून बघत राहिले. कुणाची मूठ फार बारीक, कुणाचं बटण अंगठ्याच्या वाटेवर नाही, कुणाची स्प्रिंग मऊ. एक होतं त्यात दांडी नुसती मागंपुढं नाही, स्वतःभोवती पिळताही येत होती. मनगट पिळलं की यान वळतं. दाजींचा चेहरा उजळला. आयुष्यभर जी गोष्ट करायला त्यांना दुसरा हात लागला ती आता एकाच मनगटात होती. तेच घेतलं.

मग ते बसवायचा सोहळा. टेबलावर ठेवलं तर सरकायचं, म्हणून दाजींनी सणासुदीला जावई ज्यावर बसतो तो पाट आणला आणि लिव्हर त्याला स्क्रूनं पक्कं केलं. खुर्ची चालेना, कारण कोपर टेकायला हवं. भंगारातून ट्रॅक्टरची सीट आली. उंची जमेना, तर सीटखाली विटा आल्या. पाट मांड्यांवर, लिव्हर दोन गुडघ्यांच्या मधोमध, कोपर काटकोनात, असं सगळं जमलं तेव्हा कळलं की या अवस्थेत त्यांना पडदा दिसत नाही. मग संगणकाखाली विटा आल्या. आक्का दारातून हे बघत होती. तिनं एवढंच विचारलं की उद्या पाडव्याला जावयाला कशावर बसवायचं. दाजींनी ट्रॅक्टरची सीट दाखवली.

त्यांचे प्रश्न मला शाळेत फोनवर येत. लिव्हर मागं ओढलं की नाक वर जायला हवं की खाली? क्रेनला मागं ओढलं की हुक वर येतो. खेळात ते उलटसुलट करायची सोय होती, ती करून दिली तर त्यांचा पुढचा प्रश्न तयार. "पर तिथं वर कुठं हाय ते सांगा की." मी मराठीचा मास्तर. मी तो प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विज्ञानाच्या बाईंना विचारला, आणि मधल्या सुट्टीत अकरा माणसं अवकाशात वर कुठं असतं यावर भांडली. बाई म्हणाल्या, तिथं वर-खाली नाहीच. मी तसं कळवलं. दाजी मग म्हणाले, म्हणजे पडायची भीतीच न्हाय.

एका गोष्टीत मात्र त्यांना कुणालाच विचारावं लागलं नाही. या खेळात यान आपोआप सावरणारी एक सोय असते; ती बंद केली तर यान ज्या दिशेला निघालं त्या दिशेला जातच राहतं, तोंड कुठंही फिरवलं तरी. भल्याभल्या पोरांची तिथं त्रेधा उडते, असं भाची सांगत होती. दाजींनी तिसऱ्याच दिवशी ती सोय बंद केली. झुलणारी मोळी मागं ओढून थांबत नसते, तिच्या मागनं क्रेन न्यायची असते, मग ती आपोआप उभी राहते. हे त्यांना ठाऊक होतं. यान वाहवलं की ते त्याच्या मागनं जात. बघताना अंगावर काटा यायचा.

पण स्थानकाला यान लावताना घोटाळा होई. तिथं अगदी हळू, अगदी नेमकं जायचं असतं, आणि नेमकं तेव्हाच यानाचं नाक थरथरायचं. दाजींनी निदान केलं, लिव्हर खराब. दुकानदारानं बदलून दुसरं दिलं. तेही थरथरलं. दाजी गावात ज्याला त्याला सांगत सुटले की माझं लिव्हर खराब हाय, दुसरं बसवलं तर तेबी तसंच. परिणामी एका सकाळी शेजारपाजारची सात-आठ माणसं शहाळी आणि मोसंबी घेऊन दारात आली, आणि एका म्हातारबांनी आक्काला बाजूला घेऊन विचारलं की एवढं मोठं ऑपरेशन दोनदा केलं आणि आम्हाला कळवलंपण न्हाय? मोसंब्यांचा रस दाजींनीच प्यायला.

तिसरं लिव्हर दुकानदारानं मुद्दाम मुंबईहून मागवलं. ते आल्यावर चारच दिवसांत, रविवारी सकाळी, दाजींचा फोन आला. हेबी तसलंच निघालं, या. मी स्कूटर काढून गेलो. बरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका वाचली. तिच्यात लिहिलं होतं की संगणकावर तपासणीचा एक चौकोन उघडतो, त्यात बारीक फुली दिसते, लिव्हर हलेल तशी ती हलते. चौकोन उघडला. दाजींनी लिव्हर धरलं. फुली मधोमध होती आणि थरथरत होती.

"बघा," दाजी म्हणाले.

मी हात पुढं केला. त्यांनी पाट माझ्या मांडीवर दिला. मी लिव्हर धरलं. फुली उभी राहिली, भिंतीवर काढल्यासारखी.

दाजींनी मला हात काढायला सांगितला. फुली उभी. त्यांनी उजवा हात ठेवला, फुली थरथरली. डावा ठेवला, थांबली. पुन्हा उजवा. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं, पण दाजी त्या चौकोनाकडं रागानं किंवा घाबरून बघत नव्हते. एखाद्या नव्या यंत्राकडं बघावं तसं बघत होते. मनगट टेकवून बघितलं, मूठ सैल करून बघितली, श्वास रोखून बघितला. सगळं झाल्यावर म्हणाले, "लिव्हर चांगलं हाय."

थोड्या वेळानं म्हणाले, आक्काला सांगू नका.

मी आत गेलो तेव्हा आक्का चहा ओतत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, "वर्ष झालं, मी त्यांचा कप अर्धाच भरते. सांडला की त्यांना लाज वाटती. त्यांना वाटतंय म्हशींनी दूध कमी केलंय."

डॉक्टरांकडं आम्ही तिघं गेलो. शिरांचं दुखणं आहे, सावकाश वाढणारं. औषधानं आवरेल, जाणार नाही, असं त्यांनी सांगितलं. दाजींनी विचारलं की हे क्रेनमुळं झालं का. डॉक्टर नाही म्हणाले, तेव्हा त्यांना फार बरं वाटलं. आणि तिथून बाहेर पडल्यावर घरी जायच्या ऐवजी ते आम्हाला राजारामपुरीत घेऊन गेले. दुकानात गिऱ्हाइकं होती. त्यांच्या देखत, खणखणीत आवाजात दाजी म्हणाले, "मालक, तुमची ती दोन्ही लिव्हरं चांगली होती. माझा हात खराब हाय. मी तुमच्या मालाला नावं ठेवली, ते चुकलं." तो फटकळ दुकानदार काउंटरच्या बाहेर आला, स्वतःची खुर्ची दाजींना दिली आणि उकिडवा बसून त्यांना सांगू लागला की लिव्हर धरणाऱ्याच्या हाताप्रमाणं त्याला समजूत देता येते. मधल्या थोड्या जागेत लिव्हर हललं तरी संगणकानं ते मनावर घ्यायचं नाही, असं ठरवून देता येतं. इंग्रजीत त्याला डेड झोन म्हणतात. दाजींना ते नाव आवडलं नाही. म्हणाले, ढील म्हणा की सरळ. नव्या क्रेनला ढील नसती, ती अंगावर येती.

त्या रविवारी आम्ही ढील ठरवायला बसलो. मला वाटलं, भरपूर देऊन टाकावी म्हणजे कटकट मिटेल. दाजी ऐकेनात. जास्त ढील दिली तर हातालाच कळायचं बंद होईल, जेवढी लागते तेवढीच द्या. एकेक टक्का वाढवत, दरवेळी यान स्थानकापर्यंत नेत, परत आणत, आमची दुपार गेली. नवव्या खेपेला यानाचं नाक स्थिर राहिलं. स्थानकाचं दार समोर आलं, हळूहळू मोठं झालं आणि यान आत जाऊन टेकलं. मी कान देऊन ऐकलं. आवाज आला नाही. दाजींनी मूठ उघडली, तळवा धोतराला पुसला आणि बाहेर जाऊन म्हशींना वैरण टाकली. त्या दिवशी म्हशींनीही त्यांना जवळ येऊ दिलं, असं ते सांगतात. आक्का म्हणते, खोटं आहे.

त्याला आता दीड वर्ष झालं. ढील दोनदा वाढवावी लागली आहे. दुसऱ्यांदा त्यांनी ती मला न बोलावता स्वतःच वाढवली आणि फोनवर दुसरंच काहीतरी बोलत राहिले. मला ते पुढच्या रविवारी पडद्यावरचा आकडा बघून कळलं.

गेल्या रविवारी गेलो तर बाहेर कुणी दिसलं नाही. आत आक्का दाजींच्या शेजारी स्टुलावर बसली होती, मांडीवर सुपात पावट्याच्या शेंगा. तिनं पडद्याकडं बोट करून विचारलं, ते निळं काय हाय? दाजींना माहीत नव्हतं. "तूच जाऊन बघ," असं म्हणून त्यांनी पाट उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिनं सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि लिव्हर दुधाची चरवी धरावी तसं धरलं. यान एकदम वळलं. दाजी म्हणाले, ओढू नको, नुसतं सांग त्याला. मग ते वळायचं थांबलं आणि निळ्याच्या दिशेनं निघालं. फार लांब होतं ते. मी दारातच उभा राहिलो.  दाजींचा मोकळा झालेला उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर थरथरत होता, आणि त्या दोघांपैकी कुणाचंच तिकडं लक्ष नव्हतं.