एका एन्झाइमची दोन टोकं

प्रयोगशाळेत तिला सगळे 'ताई' म्हणत, वयाने मोठे असलेले सरसुद्धा. प्रथिनांचे स्फटिक वाढवणं हे तिचं काम. गेली काही वर्षं ती एकाच एन्झाइमच्या मागे हात धुऊन लागली होती. जिवाणूतलं हे एन्झाइम एका टोकाने रेणू तोडायचं आणि निघालेला तुकडा दुसऱ्या टोकाने भलत्याच रेणूला जोडायचं. तुकडा मधल्यामध्ये हरवत कसा नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्फटिक झाला, तरच क्ष-किरणांनी रचना कळणार. ती थाळ्यांत प्रथिनाचे थेंब सोडून वाट पाहायची; थेंबांत मात्र कधी गाळ, कधी नुसतं पाणी.

"तुझ्या जिवाणूला म्हणावं, आधी एक काम तरी धड कर," आई म्हणायची.

मग आई अंथरुणाला खिळली. दवाखान्याच्या खुर्चीत ताईचे आठवडे गेले आणि एका दुपारी आई गेली. सगळं उरकल्यावर, घरात बसून करायचं काय, म्हणून ती कामावर परतली. मधल्या काळात पडून राहिलेल्या थाळ्या फेकून द्यायला तिने बाहेर काढल्या आणि सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. एका थेंबात रेखीव, लख्ख स्फटिक होते.

"स्फटिक आलेत," तिने सरांना जाऊन सांगितलं.

सर चष्मा टेबलावरच विसरून धावले. "मिठाचे नाहीत ना गं?"

"एकाला सुई लावून पाहिली. लगेच चुरला, मिठाचा इतक्या सहज चुरत नाही. प्रथिनच आहे."

"अगं, मग हस तरी!"

तिने हसून दाखवलं.

बारीक फासात एकेक स्फटिक उचलून तिने गोठवला. पुढे पडद्यावर रचना उभी राहिली: दोन टोकांमध्ये, प्रथिनाच्या पोटातून गेलेला अरुंद बोगदा. तुकडा बाहेर पडतच नव्हता. टाळ्या झाल्या. कुणी पाठ थोपटली, तर ती पाठही तिला दुसऱ्याच कुणाची वाटली.

घरी दादा आईचं कपाट आवरत होता.

"दादा, त्या एन्झाइमचं कोडं सुटलं."

"अरे वा! आनंद झाला असेल."

"व्हायला हवा होता."

दादा पुन्हा कपाटाकडे वळला. थोड्या वेळाने त्याने एक शाल पुढे केली. "ही ठेवायची की द्यायची?"

तिने शाल उलटसुलट करून पाहिली. लोकर आहे, एवढंच कळलं.

"ठेव," ती म्हणाली.

शोधनिबंध छापून आला, त्यावर तिचं नाव पहिलं होतं. सर प्रत घेऊन आले, तेव्हा ती दुसऱ्या एका प्रथिनाचे थेंब सोडत होती.

"तिथे ठेवा," मान वर न करता ती म्हणाली.