उकळत्या पाण्यातली फळी

"बाय, आधी वास घे, मगे बोल." कोणतीही बरणी उघडली की काका ती आधी माझ्या नाकाशी धरायचे. आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. साहेबांपेक्षा ज्यांना जास्त कळतं असे एक काका तुमच्याही कचेरीत असतीलच.

झाडाला ताठ उभं ठेवणारा पदार्थ म्हणजे लिग्निन. कागद गिरणीत लगदा वेगळा केला की तो काळ्या रसात उरतो आणि बहुतेक ठिकाणी जाळला जातो. आम्हाला त्यापासून प्लायवूडचा गोंद करायचा होता. "हो बांबूचो, हो उसाच्या चिपाडाचो," काका नुसत्या वासावरून सांगायचे. मी म्हणे शास्त्रज्ञ, मला दोन्ही वास सारखेच घाणेरडे वाटायचे.

गोंद मात्र दाद देत नव्हता. दाबताना फळीला फोड यायचे आणि गोंद टिकतो का ते बघायला उकळत्या पाण्यात टाकली की तिचे पापुद्रे सुटायचे. वरून निरोप आला, ही शेवटची खेप, नंतर काम बंद. काकांची नोकरीही त्याच कामावर होती.

त्या दिवशी मी लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना गोंद लावला, ते गरम दाबयंत्रात घालायला काकांना सांगितलं आणि मीटिंगला गेले. संध्याकाळी येऊन पाहते तर यंत्र थंडगार. त्यावर हळदकुंकू, झेंडूचा हार.

"काका, वाट लावलीत तुम्ही!"

"आज खंडेनवमी ना गो. हत्यार चालवूचा नसता आज."

"तुमच्या नवमीपायी दोघंही घरी बसू!"

मी बरंच बोलले. ते खाली मान घालून हार सारखा करत राहिले.

दसऱ्याची सुट्टी असूनही सकाळी आम्ही दोघं आलो. तेच पापुद्रे दाबले, फळी उकळत ठेवली. काकांनी ती चिमट्याने काढली, वास घेतला आणि माझ्या हातात दिली. मी कडेला सुरी घातली. पापुद्रा सुटेना. रात्रभरात गोंदातलं जास्तीचं पाणी उडून गेलं होतं, म्हणून या वेळी फोड आलेच नाहीत.

अहवालात मी लिहिलं, 'गोंद लावून एक रात्र सुकू द्यावा.' खाली एकटीचं नाव घातलं. काकांची माफीसुद्धा मागितली नाही, याची आजही लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "माका त्या फळीचो एक तुकडो दी."

यंदा काका गेले. मी भांडुपला त्यांच्या घरी गेले, तर देव्हाऱ्यात देवांखाली तोच तुकडा. काकूंनी देव बाजूला ठेवून तो माझ्या हातात दिला. मागे पेन्सिलने दोन नावं लिहिली होती. आधी माझं, मग त्यांचं.