फौजदार दारात उभा आहे

गेल्या महिन्यात जालन्यात लेकीसोबत पिच्चरला गेले. मध्येच दार ढकलून दुसऱ्याच पिच्चरमधला पोलीस आत आला आणि सगळं थेटर शिट्ट्यांनी दणाणलं. लेक कानात समजावत होती, की हा त्या पिच्चरमधला, तो गुप्तहेर तिसऱ्यातला, आता सगळे एकत्र येणार, याला युनिव्हर्स म्हणतात. मी म्हटलं, मोठी आली शिकवणारी, हे उद्योग आम्ही सहावीत करून बसलोय. ती हसली, आणि मग तिला माझे भरलेले डोळे दिसले.

माझं लहानपण अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की कॉलनीत भाड्यानं व्हीसीआर यायचा. भर दुपारी खिडक्यांना घोंगड्या बांधून आम्ही पिच्चर बघायचो. एका वर्षीच्या कॅसेटवर कुणीतरी अर्ध्यातून दुसराच पिच्चर भरून ठेवला होता. मध्यंतरापर्यंत लहानपणी जत्रेत आईपासून चुकलेला एक फौजदार, आणि त्यानंतर एकदम शिलाई मशीन चालवणारी एक विधवा. फौजदार परत दिसलाच नाही. बायकांना त्याचं काही वाटलं नाही. "मायच हाय ती त्याची, नाक बघा की," असं पुढं बसलेली एक मावशी म्हणाली, आणि सगळ्याजणी त्या मायलेकांच्या भेटीसाठी शेवटपर्यंत डोळ्यांना पदर लावून बसल्या. पिच्चर संपला, भेट काही झाली नाही.

ते काम मग आम्ही दोघींनी अंगावर घेतलं. मी, आणि शेजारच्या क्वार्टरमधली माझी मैत्रीण. तिचे अब्बा फिटर, माझे वडील बॉयलरवर. ती घरात उर्दू बोलायची, माझ्याशी मराठी. फौजदार तिचा, माय माझी. शाळेतून येताना एक दिवस ती पुढचं सांगायची, एक दिवस मी. तिचा फौजदार भोकरदनला एसटी चुकवायचा, शहागडच्या पुलावर ट्रकवाल्यांना फोटो दाखवायचा. माझी माय तोवर आख्ख्या अंबडचे ब्लाउज शिवून मोकळी व्हायची. वर्षभर हिंडून शेवटी तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. मैत्रीण म्हणाली, आजोळी ईद करून येते, मग कडी मी काढणार.

मला दम धरवला नाही. हौदाच्या कट्ट्यावर पोरी मागं लागल्या आणि मी कडी काढली. भेट अशी रंगवली की दोघीतिघी रडल्या. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ती शेवयांचा डबा घेऊन आली, तेव्हा पोरींनी तिला वाटेतच सगळं सांगितलं होतं. डबा तिनं माझ्या हातात दिला आणि एवढंच विचारलं, "माह्या फौजदाराला माह्याबिगर आत कसं काय नेलंस तू?"

माझं चुकलं, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी डबा घेऊन घरात शिरले. नंतर ती माझ्याशी बोललीच नाही, आणि त्या वर्षी पट्टा पडल्यावर तिच्या अब्बांनी दुसरा कारखाना धरला. सामानाचा ट्रक हलला तेव्हा मी दाराआड उभी होते. डबा माझ्याकडेच राहिला.

पुढं नोकरी झाली, नवरा, लेकरू, सगळं झालं. पण आजही कुणी एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडली, की मला वाटतं, आता पुढचं ती सांगेल. तिची फार आठवण येते. मैत्रिणी पुष्कळ मिळाल्या, ती जागा कुणी भरली नाही.

थेटरातून आल्यावर कॉलनीतल्या जुन्या पोरींच्या ग्रुपवरून तिचा नंबर मिळवला. दोन दिवस नुसती फोनकडं बघत होते. मग लिहिलं, "ते भेटलेच न्हाईत. मी पोरींना खोटं सांगितल्तं. फौजदार अजून दारातच उभा हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, पोळ्या लाटत असताना, उत्तर आलं. "राहू दे उभा. मी आल्याबिगर कडी काढू नको."

कधी येणार, ते तिनं लिहिलेलं नाही. मी डबा घासूनपुसून ओट्यावर ठेवलाय. लेक रोज विचारते, मग पुढं काय झालं. मी म्हणते, पुढचं सांगायचा दिवस तिचा आहे.