पुसायचं राहिलेलं रसम

इथं तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आम्हा मराठी घरांपैकीच एकातली, राजवाड्यामागच्या गल्लीतली ही मुलगी युनिव्हर्सिटीत माध्यमं आणि संस्कृती शिकते. आपण मराठीत विचारावं आणि तिनं तमिळमध्ये उत्तर द्यावं, हे लहानपणापासूनचं. मला आजी म्हणून हाकही तमिळमध्येच, 'पाटी'.

परीक्षेसाठी तिला आमच्या घरच्या मराठी बोलीवर फिल्म करायची होती. मी आपली रेशमी साडी नेसून बसले आणि टीव्हीवरच्या बायकांसारखं पुण्याचं मराठी बोलले! तिनं मान डोलावत सगळं घेतलं. मग म्हणाली, "पाटी, कॉफी?" कॉफी गाळता गाळता मी सुनेच्या रसमला नावं ठेवली, आमच्या बोलीत, मध्ये तमिळ घालून. कॅमेरा चालू आहे हे विसरलेच.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन आली. माझं भाषण गायब, नुसती कॉफी आणि रसम. सून बघेल म्हणून मी कपाळाला हात लावला. संध्याकाळी फिल्म द्यायची होती, तरी ती म्हणाली, "आजी, तुम्ही नको म्हटलंत तर पुसते मी."

मराठीत! अडखळत, पण मराठीत.

"पुसतेस कशाला? दे पाठवून," मी म्हटलं. "सुनेला मी सांगते."