देवराईतल्या जाळीच्या पिशव्या

म्हात्रे मॅडम गेल्याची बातमी मला त्यांच्या घरून कळली नाही. ती म्हसळ्याच्या आतल्या एका गावातून फोनवर आली, आणि तीही बातमी म्हणून नाही, प्रश्न म्हणून. "बाई गेली असं बोलतात. खरं हाय का?" आवाज दगडूतात्यांचा. तात्या त्या गावच्या देवस्थानाचे प्रमुख पंच. मला काहीच कल्पना नव्हती. "मंग इचारून सांगा. एकाला इचारू नका, दोघांना इचारा." अलिबागला दोन ठिकाणी फोन केले. बातमी खरी होती. नवरात्र नुकतंच संपलं होतं. मॅडम सकाळी चहा घेता घेता खुर्चीतच गेल्या होत्या. तात्यांना उलट फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "मंग दिवालीला तिच्या बाजूनं कोन येनार?"

हा प्रश्न समजायला थोडं मागे जावं लागेल. शालन म्हात्रे जिल्ह्यातल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. जन्म चौलचा, सुपारीच्या वाडीतला. लग्न केलं नाही. विद्यार्थ्यांना त्या फारशा आवडत नसत, कारण प्रयोगशाळेत कुणाचाही आकडा पहिल्या फटक्यात मान्य होत नसे. कॉलेजबाहेरही वेगळं नव्हतं. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचची वेळ फलकावर वाचली तरी त्या तिकीटवाल्याला विचारत, आणि चढताना खलाशालाही विचारत. लग्नात पहिल्या पंगतीला बसत नसत. पहिली पंगत जेवून उठली आणि सगळे धड उभे राहिले की मग पान मागत. आमची ओळख अशाच एका शंकेतून झाली. मी ज्या वर्तमानपत्रात काम करतो त्याच्या पुरवणीत एक लेख छापून आला होता. जंगलातली झाडं जमिनीखालच्या बुरशीतून एकमेकांशी बोलतात, मोठं झाड आईसारखं लहान झाडाला भरवतं, असा त्याचा सूर होता. दोन दिवसांनी मॅडम कार्यालयात आल्या आणि कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. "हे तुम्ही पाहिलंत?" मी म्हटलं, वाचलंय. "वाचलंय म्हणजे पाहिलं नाहीत," असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली.

त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते पुढे अनेकदा ऐकलं. कोकणातली तांबडी माती गरीब आहे. झाडाला लागणारा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, तिच्यात असतो, पण मातीतलं लोह त्याला असं धरून ठेवतं की मुळांना सहज सुटत नाही. नत्राचं उलट, ते पावसात विरघळतं आणि ओढ्यातून खाडीला मिळतं. मग एवढं रान उभं कशावर? गळलेल्या पाल्यावर. पान पडलं की बुरशी येते. तिचे केसाहून बारीक तंतू पानात शिरतात आणि चिवट भाग तोडतात. सोबत जिवाणू असतात, ते उरलेलं सोडवून घेतात. त्यांनी खाल्लेलं काही काळ त्यांच्याच अंगात राहतं, म्हणून पाऊस ते वाहून नेऊ शकत नाही. ते मेले, किंवा बारीक किड्यांनी त्यांना खाल्लं, की तेच थोडं थोडं सुटतं. मुळांशी जोडलेली आणखी एक बुरशी ते उचलून झाडाला देते आणि बदल्यात झाडाची साखर घेते. "आईची माया वगैरे काही नाही," मॅडम म्हणाल्या. "साखर बंद, की देणंही बंद. शेजारी आहेत ते. चांगले शेजारी." दुरुस्तीची चौकट मी पुढच्या अंकात छापली. तिच्यातही त्यांना दोन चुका सापडल्या.

निवृत्तीनंतर त्यांना एकच गोष्ट बघायची होती. आयुष्यभर पुस्तकातून शिकवलं ते इथल्या मातीत, या पावसात खरं आहे का. त्यासाठी पाला कधीच न उचललेली जमीन हवी होती, आणि ती आपल्याकडे मिळत नाही. भाताची रोपं टाकण्याआधी वाफ्यावर राब जाळतात, त्यासाठी आसपासच्या रानातल्या फांद्या आणि पाला गोळा होतो. सुटते ती फक्त देवराई. तिथून काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही, हा देवाचा नियम. तात्यांच्या गावाची राई अशी होती. (गावाचं नाव लिहू नका, असं मला सांगण्यात आलं आहे. नाव छापलं की गाड्या येतात.) राईत जुनं मंदिर आहे. गावच्या मुंबई मंडळाने त्याचा जीर्णोद्धार केला होता, आणि आता भोवती, मोठ्या झाडांच्या बुंध्यांपर्यंत, पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले होते. मंदिरालगतचं अंगण आधीच रोज झाडलं जात होतं. एका बाजूला झाडलेली जमीन, दहा पावलांवर न झाडलेली... मॅडमना याहून चांगली जागा मिळाली नसती.

त्या गेल्या, पण कुणाला न सांगता. सांगितलं तर लोक कौतुकाने पिशव्या उकरून बघतील, नाहीतर आपल्याला खूश करायला काहीतरी करून ठेवतील, अशी त्यांची भीती. बारीक हिरव्या जाळीच्या तळहाताएवढ्या पिशव्या, आत वाळवून वजन केलेली पानं, तोंडाला लाल दोरा. या पिशव्या त्यांनी राईत पाल्याखाली पुरल्या. चौथ्या दिवशी एका कुत्र्याने त्यातली एक उकरून थेट देवळाच्या पायरीवर आणून ठेवली.

पिशवी कुणाची ते शोधून गावाने मॅडमना बोलावून घेतलं, तेव्हा त्यांनी मला फोन केला. "माझी बाजू घ्यायला येऊ नका," त्या म्हणाल्या. "जे बोललं जाईल ते लिहून घ्यायला या." जाताना बातमीचा मथळा माझ्या डोक्यात तयार होता. जाळी, लाल दोरा, देवाची जागा... करणीचा संशय. सभामंडपात पोचलो तेव्हा एक तरुण तेच म्हणत होता, पण हसत. "मॅडम, दोरा लाल, जाळी हिरवी. लिंबू इसरलात काय?" सगळे हसले. तात्या हसले नाहीत.

"करनीचं सोड रं," ते म्हणाले. "करनी उतरवता येते. मोजनी झाली की उतरत न्हाय." मग मॅडमकडे वळून: "पल्याडच्या गावात असाच एक जन आला व्हता. गोड बोलायचा. माती नेली पिशवीतून, कालेजसाठी बोलला. मातीच्या मागनं टेप आली, टेपच्या मागनं कुंपन. आता त्यांची गुरं रस्त्यावर चरतात. तुमी कुनासाठी आल्यात?"

माझा मथळा तिथेच गेला. मॅडमचा चेहरा मात्र मी इतका प्रसन्न कधी पाहिला नव्हता. "तुमच्या जागी मी असते तर मला हाकलून दिलं असतं," त्या म्हणाल्या.

"मंग हाकलू?"

"आधी अट घाला. मोडली तर हाकला."

मंडळाचा चिटणीस सुरेश, राहायला भांडुपला, मे महिन्याच्या सुटीसाठी गावी आला होता. त्याचा संशय वेगळा होता. "या ठरवूनच आल्यात. पाला हलवू नका, हेच निघणार शेवटी. आमचे ब्लॉक अडवायचेत यांना."

"शक्य आहे," मॅडम म्हणाल्या. "मला हवं तेच निघालं, तर आधी मला तपासा. निम्म्या पिशव्या तुम्ही भरा."

"मला तेवढाच उद्योग नाय," सुरेश म्हणाला.

शेवटी निम्म्या पिशव्या तात्यांच्या घरच्यांनी भरल्या. करार देवासमोर तोंडी झाला. सारखी पानं, सारखं वजन. निम्म्या पिशव्या राईत पाल्याखाली, निम्म्या झाडलेल्या अंगणात मातीखाली. दिवाळीला, मुंबईकर गावी आले की, दोन्ही बाजूंच्या देखत काढायच्या, राईतच वाळवायच्या आणि राईतच तोलायच्या. बाहेर काही न्यायचं नाही, म्हणजे प्रयोगशाळा नाही, सूक्ष्मदर्शक नाही. सगळ्या सारख्याच कुजल्या तर ब्लॉक बुंध्यांपर्यंत जातील. राईतल्या लवकर संपल्या, म्हणजे न झाडलेल्या पाल्याखाली खरंच काम चालतं असं ठरलं, तर देवळाच्या पायरीशी थांबतील.

पावसाळ्यात मॅडम दोनदा गेल्या. पिशव्यांच्या जवळपास फिरकल्या नाहीत. देवळाच्या चौथऱ्यावर बसून राहिल्या. त्या आल्या की तात्याही घोंगडी घेऊन समोर येऊन बसत. एकदा मी सोबत होतो. मॅडमनी विचारलं, "काय बघताय?" तात्या म्हणाले, "तुमी काय बघता ते." घरून चहा आला. मॅडमनी तात्यांनी पहिला घोट घेईपर्यंत वाट पाहिली. तात्यांच्या ते लक्षात आलं, आणि त्यांनी मुद्दाम कप खाली ठेवला. चहा निवेपर्यंत दोघे तसेच बसून होते... परतीच्या वाटेवर मॅडम म्हणाल्या, असा माणूस मला कॉलेजात एक जरी मिळाला असता तर!

दिवाळीत मी गेलो तेव्हा ब्लॉक रस्त्याकडेला रचून ठेवले होते. "मॅडमच नाहीत, तर करार कसला?" सुरेश म्हणाला. त्याच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता. त्याला मंडळापुढे जाब द्यायचा होता. तात्यांनी मान हलवली. "करार तिच्याशी न्हाय केला, देवासमोर केला." मी मॅडमच्या बाजूने उभा राहतो म्हटलं, तर तात्यांनी मलाही उडवून लावलं. "तुमी तिचे दोस्त. तुमच्या हातावर भरवसा कसा ठेवू?" मग कुणालाच आपल्या सोयीची बाजू नको, म्हणून अंगणातल्या पिशव्या मी काढायच्या आणि राईतल्या सुरेशने, असं ठरलं.

माझ्या पिशव्या अलगद वर आल्या. पानं काळी पडली होती, पण कुठल्या झाडाची ते ओळखू येत होतं. तिकडे सुरेश एका जागी ओणवा होऊन ओढत होता. पिशवी सुटत नव्हती. त्याने भोवतीचा पाला बाजूला केला आणि थांबला. जाळीच्या भोकाभोकांतून पांढरे तंतू आणि सुतासारखी मुळं आरपार गेली होती.

"तात्या, हे जमिनीला कुणी शिवलंय?"

सुरेशने पिशवी तशीच धरून मागे वळून बघितलं.

"इथे येऊन कुणी काय केलंय, सांगा मला."

"बाई गेली," तात्या म्हणाले. "मला सुईत दोरा ओवता येत न्हाय. आता संशय कुनावर घेतोस?"

पिशव्या दोन दिवस देवळाच्या पायरीवर उन्हात वाळल्या, मग वाण्याच्या काट्यावर चढल्या. राईतल्या बहुतेक पिशव्यांत शिरांची जाळी आणि काळी पूड एवढंच उरलं होतं. एक मात्र निघाली जशीच्या तशी, अंगणातल्यांसारखी. सुरेशने ती उचलून सगळ्यांना दाखवली. "ही बघा. हिचं काय?" तात्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली आणि माझ्या हातात दिली. मॅडमकडे उत्तर असतं का, सांगता येत नाही. त्यांनी तीच पिशवी आधी हातात घेतली असती, एवढं मात्र नक्की.

"मला हे मान्य नाय," सुरेश म्हणाला.

"मंग मान्य व्हईस्तोवर ब्लॉक पायरीच्या पुढं सरकत न्हाय," तात्या म्हणाले.

सुरेशने दोन दिवस रजा वाढवली. उरलेली हिरवी जाळी मागून घेतली आणि बायकोकडून नव्या पिशव्या शिवून घेतल्या. पानं स्वतः वेचली, स्वतः वाळवली. प्रत्येक पिशवी दोनदा तोलली, काट्यातले सेल बदलून पुन्हा तोलली. या वेळी त्या वर्षभर ठेवायच्या आहेत, म्हणजे पूर्ण पावसाळा आणि पूर्ण उन्हाळा मिळेल, असं तो मला म्हणाला. मग सगळ्यांना राईबाहेर उभं करून तो एकटा आत गेला.

कुठे पुरल्या ते त्याने तात्यांनाही सांगितलेलं नाही.