पोरगी परत सोडायची नाही, असं ठरवलं होतं

दोस्तहो, आज मले बदला घ्याचा होता.

बायको अन् मी वेगळे राहतो. आमची सात वर्षांची ओवी तिच्या आईजवळ केळापूरले असते. कोर्टानं एकाआड एक रविवार मले देल्ला आहे. सकाळी तिले माह्या घरी लोहाऱ्याले आणायचं, संध्याकाळी परत सोडायचं. मागच्या खेपेला तिच्या आईचा फोन आला, "पोरीले ताप आहे, येऊ नका." दुपारी मामाच्या लग्नात नाचणाऱ्या ओवीचा फोटो मले व्हॉट्सॲपवर दिसला.

तेव्हाच ठरवलं, हिलेही पोरीसाठी तडफडू द्याचं.

आज सोडायची वेळ टळून गेली तरी मी उठलो नाही. फोन वाजत होता अन् मी नुसता पाहून राह्यलो. खोटं कायले बोलू, लय बरं वाटत होतं.

ओवीनं विचारलं, "बाबा, आईचा फोन काहून नाही उचलत?"

"आज तू इथंच राहणार."

ती जरा विचारात पडली. मग म्हणाली, "मंग आईले काय सांगू? ताप आला म्हणू, का पोट दुखते म्हणू?"

मी उठलो. तशीच गाडी काढली अन् तिले सोडून आलो. तिची आई दारात रडत उभी होती. पोरीसमोर तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

पण राग तसाच आहे. उद्या वकिलाले भेटणार. ताप कुठं होता, हे तिले जजसाहेबासमोर सांगाच लागेल, अन् मी समोर बसून ऐकीन.

तुमच्यापैकी कोणी असे वाटून घेतलेले रविवार भोगले असतील तर सांगा. हा राग लेकरापासून लपवता कसा?